न गळणारा नळ

आमच्या घरातला एकही नळ गळत नव्हता. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

नळ गळत असता तर मी चारचौघांप्रमाणे त्याच्याखाली बादली ठेवली असती आणि प्लंबरला बोलावण्याचं पुढच्या वसंतावर ढकललं असतं. आमच्या सोफिया शहरातली सभ्य माणसं असंच करतात. पण मी पडलो विमा कंपनीतला निवृत्त गणिती. माणूस सरासरी किती वर्षं जगतो याचे तक्ते करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मी लोकांना त्यांच्या मरणाची वर्षं काढून दिली आणि बहुतेकांनी माझा शब्द राखला. अपवाद एकच, आमच्या आठव्या मजल्यावरचे कर्नल ब्लागोएव. माझ्या हिशेबाने त्यांना जाऊन एव्हाना बरीच वर्षं व्हायला हवी होती. ते अजून रोज सकाळी लिफ्ट सोडून जिन्याने वर जातात आणि चौथ्या मजल्यावर, माझ्या दारापाशी, मुद्दाम खणखणीत खोकतात. मला तो वैयक्तिक अपमान वाटतो.

तर ऑगस्टात दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसलो होतो. समोर एक फाटकं मासिक पडलं होतं. त्यात लेख होता, घरातल्या नळकामाच्या वस्तू किती टिकतात यावर. तोटी पंधरा वर्षं. फ्लशच्या टाकीतली यंत्रणा सात. गीझर दहा, फार तर बारा. लोखंडी पाइप चाळीस. मी वाचत गेलो आणि माझी दाढदुखी पळाली. आमची इमारत चाळीस वर्षांपूर्वी उभी राहिली, त्याच वर्षी माझं लग्न झालं. आमच्या बाथरूममधली तोटी, कॉक, पाइप, टाकी, सगळं आमच्या संसाराएवढं जुनं. म्हणजे रोज सकाळी मी जिच्यासमोर दाढी करत होतो ती तोटी कधीच मेलेली होती. फक्त तिला कोणी कळवलं नव्हतं.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. रुमियाना भांडी पुसत होती.

"गळतोय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"रुमियाना, प्रश्न गळण्याचा नाही. प्रश्न सरासरीचा आहे."

"तुझ्या त्या सरासरीला सांग, सप्टेंबरात मिरच्या यायच्यात. आणि बिल्याना येतेय. बाथरूमला हात लावलास तर याद राख, स्पास."

मिरच्यांचं आणि बिल्यानाचं हे प्रकरण तुम्हाला कळायलाच हवं. आमच्याकडे सप्टेंबर आला की डोकं ठिकाणावर असलेला प्रत्येक माणूस पोत्यांनी लाल मिरच्या आणतो, त्या लांबट, मांसल, गोडसर. मग त्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर रटरट शिजवायच्या आणि ती घट्ट चटणी, म्हणजे ल्युतेनित्सा, बरण्यांत भरून बरण्या उकळून काढायच्या. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कोणाच्या घरी मयत झालं तरी लोक हात धुऊन येतात आणि लवकर निघतात.

बिल्याना आमची एकुलती एक मुलगी. जर्मनीत, श्टुटगार्टला असते. वर्षातून एकदा गाडी घेऊन येते, शनिवारी संध्याकाळी. रविवारी दुपारी जेवली की डिकीत बरण्या भरून निघते. शेजारी म्हणतात, मुलगी आईबापांना भेटायला येते. मी गणिती आहे, मला असं फसवता येत नाही. ती बरण्यांना भेटायला येते, आम्ही बरण्यांच्या शेजारी उभे असतो. रुमियानालाही हे माहीत आहे. म्हणूनच ती जुलैपासून रिकाम्या बरण्या घासून ठेवते. बरण्या नसल्या तर पोरीने यायचं कशाला, हे ती तोंडाने कधी म्हणत नाही. पण मिरच्या निवडताना एकही डागाळलेली मिरची दिसली की ती अशी काही घाबरते की बघवत नाही.

एवढं सगळं माहीत असून मी गप्प बसायला हवं होतं. पण दाढी करताना ती मेलेली तोटी माझ्याकडे बघायची. शिवाय मला वाटलं, आत्ता ऑगस्ट आहे, मिरच्या यायच्या आत आटोपून टाकू. निवृत्त माणसाला वाटतं तसं मला वाटलं.

मी गान्चो मिस्त्रीला बोलावलं. तो आला, राकियाचा, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, एक पेला घेतला, बाथरूमच्या दारात उभा राहिला आणि आमच्या देशातला प्रत्येक मिस्त्री पहिल्यांदा जे बोलतो तेच बोलला.

"अरे देवा! हे कोणी करून ठेवलंय?"

"सरकारने. इमारतीबरोबरच आलंय."

"गाढव होता तो," मिस्त्री म्हणाला. मग त्याने आमच्या घरचा कॉक फिरवून पाहिला. कॉक हलेना. "हा गंजून बसलाय. तुमच्या घरापुरतं पाणी बंद व्हायचं नाही, साहेब. जिन्याचा मेन कॉक बंद करा, मग मला सांगा." दुसरा पेला घेऊन तो गेला.

आमच्या जिन्यावरची सोळाच्या सोळा घरं एकाच उभ्या पाइपवर आहेत. मी मेन कॉक बंद करायचा म्हणतोय ही बातमी लिफ्टच्या आधी सगळ्या मजल्यांवर पोचली. सल्ले सुरू झाले. कर्नलसाहेब म्हणाले, "मिनेव, पितळी घ्या. लष्करी माल. प्लास्टिक घ्याल तर बायका हसतील." तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंनी सांगितलं की त्यांच्या चुलतभावाने एकदा अशीच तोटी बदलली आणि पुढे त्याचा घटस्फोट झाला. तोटीचा आणि घटस्फोटाचा संबंध त्यांनी उलगडून सांगितला नाही, पण बोलल्या अशा आवाजात की रुमियानाने माझ्याकडे नव्याने पाहिलं.

आमच्या जिन्याचा कारभार त्सोन्का मावशींकडे असतो. पहिल्या मजल्यावर राहतात. ट्रॉलीबसमध्ये तिकिटं तपासण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे कोणीही समोर आलं की त्या आधी त्याच्या हाताकडे बघतात. त्या म्हणाल्या, "स्पास, हा पाइप झोपलाय. झोपलेल्याला उठवू नये. तुझ्याएवढं शिकलेल्या माणसाला हे मी सांगायचं?"

"मावशी, त्याचं आयुष्य संपलंय."

"माझंही संपलंय. मला बदलून घेणारेस का?"

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, तक्त्यासकट, पण मी ते गिळलं.

मेन कॉक तळघरात. तळघरात प्रत्येक घराला एकेक कुलूपबंद कोठी. आणि आमचा मेन कॉक नेमका अशा माणसाच्या कोठीत, जो अकरा वर्षांपूर्वी स्पेनला संत्री तोडायला गेला आणि तिथेच रमला. फळ्यांच्या फटीतून बॅटरी मारली की कॉक दिसतो. त्याच्यासमोर कोबीचं लोणचं घालायचं एक पिंप, बर्फावरची एक स्लेज आणि जुन्या राजवटीतल्या नेत्यांच्या तसबिरींचा गठ्ठा. कुलूप तोडलं तर फौजदारी, असं कर्नल म्हणाले. स्पेनला फोन केला. तो माणूस फोनवर ढसाढसा रडला, आईच्या ल्युतेनित्साची आठवण काढली, आणि किल्ली कुठे आहे ते आठवत नाही म्हणाला.

उरला एकच मार्ग. आमच्या जिन्याला येणारं पाणी रस्त्यावरूनच बंद करायचं, आणि ते काम पाणी खात्याचं.

पाणी खात्यात खिडकीमागे एक बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आमचं पाणी अर्ध्या दिवसासाठी बंद करून हवंय."

त्यांनी बी सोलायची थांबवली. "पाणी सोडायचं म्हणताय ना?"

"नाही. बंद करायचं."

"अहो, इथे लोक पाणी सोडा म्हणून येतात. बंद करा म्हणून आजवर कोणी आलेलं नाही." त्यांनी आतल्या साहेबांना हाक मारली. साहेब आले आणि माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "कुठे राहता तुम्ही? त्या भागात? मग अर्ज कशाला करताय? थोडे दिवस दम धरा, आम्ही न विचारता बंद करतोच की."

मी दम धरला नाही. मी कंपनीत माणसांच्या मरणाच्या तारखा काढल्या होत्या, मला एका कॉकची तारीख मिळू नये? मी बाणेदारपणे म्हणालो की मला लेखी तारीख पाहिजे. बाणेदारपणाचा या खात्यावर एकच परिणाम होतो. तारीख मिळाली, आणि ती निघाली सप्टेंबरातल्या मिरच्यांच्या आठवड्यातला गुरुवार. पुढची मागितली तर साहेब म्हणाले, "आता पुढच्या वर्षीची वही निघाली की या."

घरी आल्यावर मी रुमियानाला तारीख सांगितली नाही. त्याची गरजही पडली नाही. संध्याकाळपर्यंत त्सोन्का मावशींनी लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता. "गुरुवारी सकाळी पाणी बंद राहील. कारण : स्पास मिनेव." काम काय, कशासाठी, काही नाही. कारण म्हणून फक्त मी.

"दुपारी बारापर्यंत पाणी येईल," मी जेवताना म्हणालो. "मिरच्या दुपारनंतर धू, शुक्रवारी शिजव, शनिवारी बिल्याना येईपर्यंत बरण्या गार झालेल्या असतील. मी सगळं मांडून पाहिलंय."

रुमियानाने काटा खाली ठेवला. "आणि नाही आलं तर?"

"तशी शक्यता फार कमी आहे."

"स्पास, मी शक्यता नाही विचारली. मी विचारलं, नाही आलं तर? मी काय देऊ तिला? दुकानातली बरणी?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो उचलून टेबलावर ठेवला.

गुरुवार उजाडला. आदल्या दिवशी मंडईत भाव पडले होते, त्यामुळे सोळाही घरांनी पोती उचलून आणली होती. प्रत्येक बाल्कनीत मिरच्यांचा ढीग आणि प्रत्येक ढिगावर गांधीलमाश्या. पाणी खात्याने चक्क वेळेवर पाणी बंद केलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. गान्चो मिस्त्रीने पान्याने आमची मेलेली तोटी काढली. ती निमूटपणे निघाली. मी रुमियानाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग त्याने गंजलेल्या कॉकला पाना लावला, एक हिसका दिला, आणि कॉक त्याच्या हातात आला. कॉकमागचा पाइपही आला. पाइपमागे भिंतीत जे होतं ते पाइप म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं. तांबड्या मातीचा भुगा भसकन आमच्या बाथरूममध्ये पडला.

"असं होय!" मिस्त्री म्हणाला. "हा पाइप गंजाच्याच आधारावर उभा होता. लोखंड केव्हाच गेलंय." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही याला हात कशाला लावलात, साहेब?"

तो भिंत ठोकत वर गेला, खाली गेला. पाचव्या मजल्यावर तसंच. तिसऱ्यावर तसंच. माझा तक्ता अक्षरशः बरोबर निघाला होता. चाळीस म्हणजे चाळीस. हे मी जिन्यात जमलेल्या लोकांना सांगायचा प्रयत्न केला, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. दंतवैद्यबाईंनी तर भाजलेल्या मिरचीच्या सालींनी काळे झालेले दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले आणि म्हणाल्या, "हे मी कुठे धुऊ? तुमच्या सरासरीत?"

गान्चो मिस्त्री "एक जोड घेऊन येतो" म्हणून खाली उतरला, तो उतरलाच. दुपारचे चार वाजले तेव्हा मी फोन लावला. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"गावी आलोय, साहेब. बायकोने मिरच्या उतरवल्यात. सोमवारपर्यंत शिजवतो, मग येतो."

"अहो, सोळा घरांत पाणी नाही!"

"कळतंय मला. पण मिरच्या थांबतात का कोणासाठी?"

मी हे सगळं जिन्यात ओरडून सांगितलं. मला वाटलं, आता तरी लोकांचा राग मिस्त्रीकडे वळेल. सगळे गंभीर झाले. कर्नल म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." त्सोन्का मावशी म्हणाल्या, "मिरच्यांच्या आठवड्यात मिस्त्री बोलावतो कोण?" मी आणखी सहा मिस्त्रींना फोन केले. सहांच्याही बायकांनी मिरच्या उतरवल्या होत्या. आख्ख्या बल्गेरियात त्या आठवड्यात मोकळा असलेला माणूस मी एकटाच होतो.

आमचं पाणी नवा पाइप बसेपर्यंत खात्याने बंदच ठेवलं; पलीकडच्या जिन्याची जोडणी वेगळी, तिथे पाणी होतं. पण त्यांच्याशी आमचं पार्किंगवरून बोलणं बंद आहे. ते बाल्कनीत उभे राहून, आम्हाला दिसेल असे, बादल्या भरभरून मिरच्या धूत होते.

शुक्रवारी सकाळी रुमियाना बाल्कनीत पोत्याशेजारी स्टुलावर बसली होती. खालच्या मिरच्यांना पाणी सुटू लागलं होतं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तिला फोन कर. सांग, यावर्षी येऊ नकोस." मी फोन हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. त्या क्षणी मला माझी सगळी अक्कल कोठीत कुलूप लावून ठेवावीशी वाटली. मी फोन केला नाही. खरं सांगायचं तर माझं धाडसच झालं नाही.

तेवढ्यात खालून त्सोन्का मावशींचा तिकीट तपासण्याचा आवाज आला. "सगळे खाली उतरा! मिरच्या घेऊन! आणि त्या गणितज्ञाला आधी पाठवा!"

अंगणात त्यांनी पत्र्याचं जुनं पिंप उभं केलं होतं, गावाकडे बरण्या उकळायला लावतात तसं. कर्नल लाकडं फोडत होते. मोठा पत्रा विटांवर ठेवून त्यावर मिरच्या भाजायची तयारी चालली होती. सोळा घरांची एकच चूल. "आणि पाणी?" मी विचारलं. मावशींनी माझ्यापुढे रिकाम्या बाटल्या आणि डबे ढकलले. "टेकडीखालच्या झऱ्यावरून. आणशील तू. आजवर तक्ते चालवलेस ना? आता पाय चालव."

तो झरा माझ्या आजोबांच्याही आधीचा आहे. कोणा एका व्यापाऱ्याने मेलेल्या मुलाच्या नावाने बांधलेला. दगडी भिंत, दोन नळ्या, खाली डोणी. रांगेत उभा असताना मी सवयीने त्याचं वय काढायला लागलो आणि मग लक्षात आलं की त्याला तोटीच नाही. कॉक नाही, वायसर नाही. बंद करायची सोयच नाही, तर बिघडणार काय? मासिकात त्याच्यासाठी रकाना नव्हता. मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, भरताय की बघताय?" मी भरल्या. दिवसभर भरल्या. खेपा करता करता माझ्या गुडघ्यांचं सरासरी आयुष्य मला चांगलंच कळलं.

शनिवारी संध्याकाळी बिल्यानाची गाडी अंगणात शिरली तेव्हा आख्खा जिना धुरात बसला होता. बरणी एकही तयार नव्हती. अर्ध्या मिरच्या भाजायच्या होत्या, चटणी पातळ होती. रुमियाना उठून उभी राहिली, एप्रनला हात पुसत. "बिल्या, यावेळी..." म्हणाली आणि तिने रिकाम्या बरण्यांकडे बोट केलं.

बिल्यानाने पिंपाकडे पाहिलं, कर्नलांकडे पाहिलं, दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "बाबा, काय केलंस तू?"

"पाइपचं आयुष्य संपलं होतं," मी म्हणालो.

ती हसायला लागली. हसता हसता खोक्यावर बसली. मग तिने फोन काढून तिच्या ऑफिसला कळवलं की आईबापांच्या घरी पाइप फुटलाय, तिला थांबावं लागेल. जर्मन माणसाला मयत सांगितलं तर तो दोन दिवस देतो, पाइप फुटला म्हटलं की आठवडा देतो. तिने बाह्या सरसावल्या आणि चटणीतला मोठा लाकडी डाव हातात घेतला.

ती बुधवारपर्यंत राहिली. बादलीने अंघोळ केली, लहानपणीच्या खोलीत झोपली, कर्नलांबरोबर राकिया प्यायली. दिवसभर आईशेजारी बसून मिरच्या सोलायची. मी डबे घेऊन जवळून गेलो की दोघी गप्प व्हायच्या आणि मी पुढे गेलो की हसायच्या. वर्षानुवर्षांच्या फोनवर जे आलं नव्हतं ते सगळं त्या सालींबरोबर निघालं असणार. मला कोणी काही सांगितलं नाही. रुमियाना मात्र रात्री स्वयंपाकघरात एकटीच काहीतरी गुणगुणायची. बऱ्याच वर्षांनी ऐकलं मी ते.

सोमवारी गान्चो मिस्त्री आला, काळ्या नखांचा, तृप्त. बाथरूमच्या दारात उभा राहून भिंतीतल्या भगदाडाकडे बघत म्हणाला, "अरे देवा! हे कोणी करून ठेवलंय?"

"तुम्ही," कर्नल मागून म्हणाले. "गुरुवारी."

त्याने नवा पाइप घातला, पार तळापासून वरपर्यंत. बुधवारी दुपारी पाणी आलं. बिल्यानाने डिकी भरली, आईला मिठी मारली, ती लवकर सुटेना. मलाही मारली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर रुमियाना वर आली आणि नव्या तोटीखाली हात धुऊ लागली. गुरुवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी दारात उभा राहिलो, उगाच, टॉवेल घेऊन.

"हा किती टिकेल म्हणतं तुझं मासिक?" तिने विचारलं.

"पंधरा वर्षं. नीट वापरला तर वीस."

तिने नळ बंद केला. एक थेंबही गळला नाही. तिने माझ्या हातातला टॉवेल घेतला.

"एवढं थांबायला मला जमायचं नाही," ती म्हणाली. "पुढच्या सप्टेंबरात मिरच्या आल्या की फोड तो. आणि मिस्त्री गान्चोच आण."